पिंपळनेरचा साठवलेला वारा

'यांनी वारा साठवलाय, बघायला ये,' असं मावशीचं कार्ड आलं आणि मी शाळेत पाच दिवसांची रजा टाकली. 'हे' म्हणजे मावशीचे यजमान, नाना. एकदा डोक्यात काही घेतलं की ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकणार नाहीत.

जळगावहून सकाळच्या गाडीनं चाळीसगाव, तिथं गाडी बदलून धुळे, पुढं सर्व्हिस मोटार. मोटारवाला रुपया सांगतो, पण तुम्ही पाठ फिरवलीत की बारा आण्यांवर येतो. पुढचाच बाक धरा. मागं बसाल तर हाडं खिळखिळी होतील. साक्रीला गरम भजी खावीत. चहाच्या वाटेला जाऊ नये, तो नुसता गुळाचा काढा.

पिंपळनेरच्या अलीकडे नानांचा मळा. विहिरीवर लोखंडी पवनचक्की गरगरत होती आणि पाणी टेकाडावरच्या हौदात चढवत होती.

"वारा गोनीमा भराई जात नही," नाना म्हणाले, "पन पानी हौदमा भराई जास!"

वारा पडला की हौद सोडायचा, पाण्यानं लाकडी चाक फिरायचं आणि चाकानं दळणाचं जातं. खटाटोप मावशीसाठी. दोन वर्षं तिचा उजवा खांदा वर होत नव्हता, तरी दळण काही सुटलं नव्हतं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं, याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी वारा पडला. गाव जमलं. मावशीनं जात्याला हळदकुंकू वाहिलं, ज्वारीची मूठ टाकली. नानांनी हौदाचं बूच ओढलं, तर बाहेर आला एक बेडूक.

गर्दीतून पाटकरी आबा पुढं झाले. इथं बंधाऱ्याचं पाणी प्रत्येक फडाला, म्हणजे शेतांच्या पट्ट्याला, पाळीनं मिळतं. ती पाळी आबा सांभाळतात.

"शेवटना फडनी पाळी व्हती, नाना. पाटमा पानी नव्हतं. मी पहाटले हौद सोडी दिधा."

फड वाळतोय आणि पाणी हौदात बसलंय, हे त्यांना बघवणं शक्यच नव्हतं. लोक खो खो हसले. नानांचं तोंड एवढंसं झालं.

"ईकी टाकस हाई चक्की," पवनचक्की विकायचंच ठरवून ते पुटपुटले.

मावशी उखडली ती नानांवरच. "ईकू नका! पानी फडमाच जानार व्हतं ना? मंग चाकवरथून जाऊ द्या. आबा, पाळी तुमनी, दळन मन्हं!"

आबांनी कुदळ मागवली. संध्याकाळपर्यंत चाकापासून पाटापर्यंत पाण्याची चारी तयार झाली. तिसऱ्या दिवशी वाऱ्यानं हौद भरला. चौथ्या दिवशी सकाळी पान हलत नव्हतं, तेव्हा आबांनीच बूच काढलं. चाक कुरकुरलं, फिरलं, पीठ पडायला लागलं. मावशी शेजारी बसून राहिली. रिकाम्या हातांचं काय करावं ते तिला कळेना. त्या पिठाच्या भाकरी मी ठेच्याबरोबर चार खाल्ल्या.

घरी आल्यावर हे सगळं मी बायकोला हातवारे करून सांगितलं. ती दळत होती. ऐकून थांबली.

"मावशींचा खांदा बघायला एवढ्या लांब गेलात," ती म्हणाली. "माझा कोणता दुखतो, सांगा बरं?"

मी जात्यापुढं बसलो, खुंटा धरला आणि विचारलं, "कोणता?"