हॉइट लेडबेटरची बादली

हॉइट लेडबेटरबद्दल चार चांगले शब्द ऐकायचे असतील तर त्याच्या कुत्रीला विचारा. माझ्याकडे नाहीत.

हॅचर तलावाच्या उतारावर माझं दुकान आहे. बोट पाण्यात ढकलायला येणारा प्रत्येक जण माझ्या दारावरून जातो आणि जाताना गळाला लावायच्या रबरी गांडुळांचं एखादं पाकीट उचलतो. जांभळी, काळी, कलिंगडी रंगाची, शेपटी वळवळणारी. बास मासा त्यांच्यावर जीव टाकतो. या गांडुळांवर माझं घर चालतं, आणि हॉइटला नेमकं तेच खुपतं. मी कुलूप काढते तेव्हा तो दारात हजर असतो. खरेदी काही नाही. काठाला लागलेले मेलेले मासे तो चिरून बघतो आणि त्यांच्या पोटातली, फुगून टम्म झालेली गांडुळं माझ्या गल्ल्यापुढे आणून टाकतो.

"घे मर्लीन, तुझ्या गिऱ्हाइकांनी माल परत पाठवलाय."

"उचल ते आधी. लोक इथे शेंगा खातात."

"खाऊ देत. त्यांनीच मारलेत हे मासे. मी धरलेला एक मासा मेलेला दाखव मला."

"तुझ्या तावडीतून जिवंत सुटलेली मला एकच माहीत आहे हॉइट, तुझी बायको."

यावर तो हसत नाही. तो कशावरच हसत नाही. जन्मभर लाकूड कापायच्या गिरणीत करवतीवर राबला, तिथल्या मालकाशी भांडला, चर्चमध्ये प्रवचन लांबलं म्हणून पाद्रीबाबांशी भांडला, कुंपणावर वाकलेल्या पाइनच्या फांदीवरून शेजाऱ्याला कोर्टात खेचलं. नॅडीन, म्हणजे त्याची बायको, एका सकाळी शिलाई मशीन गाडीत घालून मोबील शहरात बहिणीकडे निघून गेली. त्याच सकाळी हा दुकानात आला आणि म्हणाला, "बरं झालं. चहात साखर फार घालायची."

फक्त एका बाबतीत तो सगळ्यांहून वेगळा होता, आणि ते मी नाकारत नाही. त्याच्या माशाच्या नरड्यात गळ कधी गेला नाही.

आमच्याकडच्या जुन्या लोकांची रीत अशी, की बासने गांडूळ तोंडात घेतलं की दोरी सैल सोडायची. त्याला खाऊ द्यायचं. तोवर सिगारेट पेटवायची, मग झटका द्यायचा. असा मासा सहसा सुटत नाही, कारण तोवर गळ त्याच्या घशाखाली उतरलेला असतो. हॉइटला ही रीत ऐकली तरी घेरी यायची. दोरीवर एक बारीकशी टक् येते, पेन्सिलीनं काचेवर टिचकी मारावी तेवढी. ती तर्जनीला कळली की त्याच क्षणी तो मनगट वर उचलायचा. निम्मे मासे हुकायचे. जे लागायचे त्यांच्या ओठात गळ असायचा, आणि त्याचाही उलटा काटा पकडीनं चेपलेला, म्हणजे नुसतं वळवलं की निघाला.

"हुकला तो जगला," तो म्हणायचा, आणि मग समोरच्याची अक्कल काढायचा.

आमच्या मासेमारीच्या क्लबातही त्यानं आपला नियम घुसवला. दर शनिवारच्या स्पर्धेत ज्याचा मासा गळ गिळून येईल, त्याचं वजन धरायचं नाही. एवढंच असतं तर चाललं असतं. पण तो मासा पाण्याच्या बादलीत ठेवायचा आणि बाकी सगळ्यांची वजनं होईस्तोवर त्या माणसानं धक्क्यावरच्या खांबाशी, बादलीत बघत उभं राहायचं. आपण काय केलंय ते बघायचं. रेफर्ड साइझमोर आमचा अध्यक्ष, त्याचा कणा शिजलेल्या भेंडीचा. त्यानं मान डोलावली आणि नियम झाला.

त्या खांबाशी माझा नवरा ड्युई उभा राहिला होता.

ड्युईचा तो शेवटचा उन्हाळा. पोटात कॅन्सर होता, पण लोकांना त्यानं अल्सर सांगितलेला, आणि मी काही बोलले तर खबरदार असं मला बजावलेलं. औषधांनी त्याच्या बोटांतली जाणीव गेली होती. शर्टाची बटणं मी लावायचे. तरी तो बोट घेऊन गेला, आणि त्याच दिवशी त्याला त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा बास मिळाला. टक् त्याला कळलीच नव्हती. काठी वाकलेली दिसली तेव्हा त्याला समजलं. गळ पार आत.

असा गळ काढता येतो. घाईनं ओढला तर आतडी बाहेर येतील, पण कल्ल्याच्या फटीतून बोट घालून गळाचा दांडा मागे दाबला की गळ आतल्या आत कोलांटी खातो, मग तोंडातून चिमट्यानं अलगद उचलायचा. ड्युईनंच मला ते शिकवलं होतं. त्या दिवशी त्याची बोटं ते करू शकत नव्हती. तो हॉइटला म्हणाला, "वजन नको धरू. मर्लीनला गळ काढू दे फक्त. मासा जगेल."

हॉइट म्हणाला, "गिळला तो गिळला. नियम आहे."

ड्युईनं माझ्याकडे असे डोळे वटारले की मी जागची हलले नाही. तो उभा राहिला. पँट कमरेवरून घसरत होती, ती एका हातानं धरून. मासा बादलीत आधी कलला, मग उलटा झाला. हिवाळ्यात ड्युई गेला. हॉइट अंत्यविधीला आला आणि शेवटच्या बाकावर बसला. मी त्याच्याशी हात मिळवला नाही.

त्यानंतर मी देवाकडे एकच गोष्ट मागत आले. ह्या माणसाला त्या बादलीपाशी उभा केलेला मला बघायचाय. लोक क्षमेबिमेचं बोलतात, त्यांनी खुशाल बोलावं. क्लबचा वजनकाटाही मी त्यासाठीच स्वतःकडे मागून घेतला. प्रत्येक शनिवारी हॉइटच्या माशाचा जबडा मी फाकवून बघायचे आणि प्रत्येक शनिवारी गळाचं भोक ओठातच असायचं.

या वसंतात त्याच्या खालच्या ओठावर एक चीर दिसली. लाल, सरळ. मला वाटलं, अखेर कुणीतरी लगावली. त्या दिवशी मी आनंदानं आमच्याकडची पावासारखी गरम बिस्किटं दोन जास्त खाल्ली, वर घट्ट पांढरी ग्रेव्ही ओतून. पण चीर भरेना. उलट खोल होत गेली.

मग एका पहाटे तलावाच्या पलीकडच्या वळणात एका बोटीला पेट्रोल पोचवायला गेले आणि झाडाच्या सावलीत हॉइट दिसला. काठी काखेत दाबलेली, मान पुढे काढलेली, आणि दोरी दोन ओठांत धरलेली. बोटं मांडीवर नुसती पडलेली. थोड्या वेळानं त्यानं मान झटकन मागे घेतली, कोपरानं काठी उचलली. ओठांतून रक्ताचा एक थेंब हनुवटीवर आला.

मला लगेच कळलं, टक् आता तो ओठांनी टिपत होता. ज्याच्या शर्टाची बटणं मी लावलीत, त्या ड्युईच्या बोटांसारखीच ती बोटं पडली होती. करवतीनं इतकी वर्षं थरथरवून थरथरवून शेवटी मारून टाकलेली.

मी कुणालाही सांगितलं नाही. दया म्हणून नव्हे. रेफर्डला कळलं असतं तर तो विरघळला असता, म्हाताऱ्याला सूट देऊ म्हणाला असता. मला सूट नको होती. मी वाट बघत बसले. ओठ तरी किती दिवस पुरणार?

सप्टेंबरातल्या एका शनिवारी दुपारभर वारा होता. वाऱ्यात दोरी भरते, फुगते, आणि ओठाला काय कळणार, टक् कुठली आणि वारा कुठला. हॉइटची बोट सगळ्यात आधी परत आली. माशाच्या तोंडात अंगठा घालून, खालचा जबडा धरून तो धक्का चढून आला. माशाच्या तोंडातून तुटकी दोरी लोंबत होती.

रेफर्डनं ती पाहिली आणि तोंड फिरवलं. "हॉइट, अरे, पाण्यात सोडून द्यायचास ना. कुणाला कळलं असतं?"

"मला," हॉइट म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "गिळलाय. वजन धरू नकोस."

"धरणारच नव्हते."

त्यानं बादली स्वतःच भरली, मासा आत सोडला आणि खांबाशी गेला. तिथे थांबून हलक्या आवाजात म्हणाला, "मर्लीन, तुला काढता येतो ना तो गळ? माझी बोटं चालत नाहीत."

इतकी वर्षं ते शब्द मी जिभेवर घेऊन झोपले होते.

"गिळला तो गिळला," मी म्हणाले. "नियम आहे."

मला वाटलं होतं तो चिडेल, शिव्या देईल, माझा उद्धार करेल. त्यानं मान हलवली. "बरोबर आहे," म्हणाला आणि बादलीत बघत उभा राहिला.

मला इतका संताप आला की हातातलं वजनाचं माप खाली आपटलं. ह्या माणसानं मला तेवढंही मिळू दिलं नाही. दुसरी बोट आली, तिसरी आली. लोक हॉइटला बघायचे आणि खांबाला वळसा घालून माझ्याकडे यायचे. बादलीतला मासा कलायला लागला. मला हॉइटचं तोंड बघायचं होतं, पण डोळे बादलीवरून हलेनात. ड्युईचा मासाही तसाच कलला होता.

"सरक," मी म्हणाले.

"नियम..."

"खड्ड्यात गेला नियम. सरक म्हणते ना."

मी गुडघ्यावर बसले. मासा पाण्यातच आडवा धरला, कल्ल्यातून बोट घातलं. दांडा सापडला. हळू मागे दाबला आणि गळ आत उलटा झालेला बोटाला कळला. चिमट्यानं उचलून घेतला, अख्ख्या गांडुळासकट. मग धक्क्याच्या कडेला पालथी पडून माशाला पाण्यात धरून राहिले, त्याच्या शेपटीचा फटका माझ्या मनगटावर बसेपर्यंत. बसला, आणि तो गेला.

उठून बघते तर हॉइट रिकाम्या बादलीपाशी तसाच उभा.

"मासा गेला," मी म्हणाले. "तू उभा राहा. सगळी वजनं होईपर्यंत."

"राहतो." मग म्हणाला, "ड्युईची बोटंपण गेली होती ना?"

"गेली होती."

"तू सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस?"

त्यानं नजर रिकाम्या बादलीत घातली, आणि ते मला आवडलं. मी पुढच्या माणसाचे मासे तोलायला घेतले. शेवटची बोट येईपर्यंत ऊन उतरलं होतं. सगळं आवरून मी खांबाशी आले, तर बादलीपाशी फळ्यांवर रक्ताचे डाग. माशाचं म्हणावं तर मासा केव्हाच गेलेला. हॉइटच्या अंगठ्याचं कातडं माशाच्या बारीक दातांनी पार सोलून काढलं होतं आणि बोटावरून रक्त थेंब थेंब पडत होतं. त्याला पत्ताच नव्हता.

मी वजनकाट्याखालचं फडकं त्याच्या अंगावर फेकलं. "अंगठा बघ."

त्यानं हात वर करून बघितला, दुसऱ्या कुणाचा हात असावा तसा.

"दुखत नाही," तो म्हणाला.

ड्युईही पोटाबद्दल मला रोज हेच सांगायचा. तो खोटं सांगायचा. हा मेला खरं सांगत होता. मी फडकं त्याच्या हातून ओढून घेतलं आणि त्याचा अंगठा बांधायला घेतला, जितका घट्ट बांधता येईल तितका घट्ट.