केडगावच्या बायका प्रोफाइल लिहितात तेव्हा

आमच्याकडे सोमवारच्या पोथीनंतर चहा होतो आणि चहाबरोबर एखादा किस्सा. पोथीचे अध्याय ठरलेले असतात, किस्से मात्र वाढतच जातात. शेजारच्या नेहामुळे तर फारच साठले. ती घरी बसून ऑनलाइन डिझाइनची कामं करते. आम्हीही मागे लागलो, तेव्हा म्हणाली, "आधी स्वतःचं प्रोफाइल लिहा. क्लायंट तेच वाचून येतो."

लिहिता येतं हो आम्हाला. पण स्वतःबद्दल?

*

पहिला मान माझा. छपाईआधी मजकुरातल्या चुका काढणं हे माझं काम. दोन पानं लिहिली. यजमानांची नोकरी, मुलाचं इंजिनिअरिंग, सासूबाईंचं दुखणं, सोळा सोमवारांचं उद्यापन, सगळं आलं.

नेहानं शांतपणे वाचलं. "काकू, छान आहे. फक्त यात तुम्ही कुठे आहात?"

"खाली सही आहे की!"

*

मग 'कामाला कधी उपलब्ध' हा रकाना. मी खरं तेच लिहिलं. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी.

"अहो, हे तर तुमचे उपास!"

"म्हणूनच गं. जड जेवण नाही, दुपारची झोप नाही. बाकीच्या दिवशी माझा काही भरवसा नाही!"

तिनं तसंच ठेवलं. आता एक छापखानेवाले फोन करतात, "ताई, एकादशी कधी आहे?"

*

शोभाताई लग्नघरी रांगोळ्या काढतात. नेहानं कामाचे नमुने मागितले.

"नमुने कुठले? दुसऱ्या दिवशी झाडून टाकतात."

शोधून शोधून एक फोटो सापडला. त्यात अर्धा मोर आणि त्यावर पडलेलं नवरीचं पाऊल. तोच लावला. आठ दिवसांत सोनईहून विचारणा आली. शोभाताईंनी देवापुढे साखर ठेवली आणि मग मेसेज उघडला.

'जोडवी कुठून घेतली?'

*

लता आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहते. मूळची पाथर्डीकडची. बारावी झालेली, मराठी टायपिंगची परीक्षा पास. पण दरवर्षी दसरा झाला की नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जायची. यंदा पोरगी पाचवीत. दसऱ्याच्या आत घरबसल्या काम मिळालं तर दोघी इथंच राहणार, नाहीतर पोरीलाही शाळा सोडून ऊसतोडीच्या गाडीत बसावं लागणार.

अनुभवाच्या रकान्यात तिनं लिहिलं, 'ऊसतोड, नऊ वर्षं'.

नेहा अवघडली. "हे नको लिहायला. टायपिंगचं लिही."

"का बरं? चोरी केली काय आमी? त्यांनी इचारलं, मी सांगितलं!"

प्रोफाइल तसंच गेलं. आठवडे गेले, उत्तर नाही. मग तिनं नेम धरला, काम मिळेपर्यंत दर सोमवारी बारापर्यंत मौन.

आणि व्हिडिओ कॉल आला तो सोमवारी, सव्वाअकराला!

पुण्याच्या एक बाई होत्या. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या ऊसतोड कामगारांच्या आठवणी त्यांनी रेकॉर्ड केल्या होत्या, त्या टाइप करून हव्या होत्या. "गावाकडची बोली नीट कळते ना तुम्हाला?"

लता गप्प. मी हळूच म्हटलं, "अगं, बोल की! देव समजून घेईल." तिनं मान हलवली.

शेवटी मीच सांगितलं, "मॅडम, तिचं मौन आहे. बारानंतर बोलेल."

बाई गोंधळल्या. मग म्हणाल्या, "ठीक आहे, मी एक तुकडा लावते. कळेल तेवढं लिहून दाखवा."

एका आजोबांचा आवाज सुरू झाला. भराभर, मध्येच खोकला, मला चार शब्दसुद्धा कळले नाहीत. लता खाली मान घालून लिहीत होती. एकदम थांबली. पदर तोंडात कोंबला आणि गदागदा हलायला लागली. डोळ्यांतून पाणी!

"थांबा, तुम्हाला ते कळलं?" बाई ओरडल्याच. "त्या वाक्यापाशी आम्ही तिघंजण अडकून पडलोय!"

लतानं वाक्य पुरं केलं आणि कागद कॅमेऱ्यासमोर धरला. बाईंनी वाचला. आधी लाल झाल्या, मग चष्मा काढून हसत सुटल्या. कितीतरी वेळ बोलताच येईना त्यांना.

"सगळ्या फायली तुमच्याकडेच पाठवते," डोळे पुसत म्हणाल्या. "वर्षभर पुरतील."

लतानं हात जोडले आणि कागदाची घडी कमरेला खोचली.

बाराचा ठोका पडायची मीच वाट बघत होते. "हं, आता सांग. काय म्हणाले आजोबा?"

लतानं देवघराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"न्हाई वैनी. आज तुमचा उपास हाय."