आत गेलेली पावलं

आता काय सांगू तुम्हाला, माणसानं आपल्या हातानं आपली फजिती करून घ्यावी, पण किती? चहा घ्या, गार होतोय. तुम्ही घ्या तोवर मी सांगते.

आटपाट वस्ती होती. निरगुडसरच्या पुढं, दोन्ही अंगांनी ऊस आणि मधी आमची मोजकी घरं. त्या वस्तीवर एक म्हातारा राहायचा आणि एक म्हातारी. त्यांना लेक दत्तू, सून शालन आणि चार वर्षांची नात पिंकी. म्हातारा ऐकायला कमी, म्हातारी ऐकून घ्यायला कमी. ती म्हातारी म्हणजे मी.

त्या वर्षांत बिबट्यांनी डोंगर सोडून आमच्या उसात संसार मांडले होते. आज कुणाचं कुत्रं गेलं, उद्या कुणाची शेळी. तेव्हा आमच्याकडं 'ठसा' म्हटलं की एकच ठसा. सकाळी बांधावर दिसला की दुपारपर्यंत गावभर. आणि ठसा ओळखण्यात माझा हात कुणी धरत नव्हतं. कुत्र्याचा कुठला, तरसाचा कुठला, बिबट्याचा कुठला, लोक मला विचारायला यायचे. निदान मला तरी तसं वाटायचं.

आमची शालन लेण्याद्रीकडची, बारावी शिकलेली. वस्तीवरच्या बाया खुरपायला, कांदे लावायला गेल्या की त्यांची बारकी पोरं बांधावर रडत बसायची. शाळेत घालायचं वय नाही आणि घरात ठेवायला माणूस नाही, असली पोरं. शालननं ती आमच्या पडवीत गोळा केली आणि त्यांना हातानं काहीबाही करायला शिकवू लागली.

इकत काही आणायचं नाही, घरात असेल त्यातूनच करायचं. चिकणमातीचे बैल. कांद्याच्या सालींचा कोंबडा, कणकेची खळ करून कागदावर चिकटवलेला. पिवळ्याला हळद, तांबड्याला गेरू, निळ्याला कपड्याची नीळ. पिंपळाचं पान घ्यायचं, देठाची शेपूट करायची, एक डोळा काढायचा, झाला उंदीर. भेंडी आडवी कापून रंगात बुडवायची आणि कागदावर टेकवायची, की फूल उमटायचं.

मी एकदा म्हटलं, "अगं शालन, भेंडी खायाची का उमटवायची?"

सून मला आत्या म्हणते. म्हणाली, "आत्या, तुमी बुडखे फेकून देता, तेच घेतलेत."

यावर मी काय बोलणार? पण बोलले. मी म्हटलं, हे असले ठसे काढून कुणाचं पोट भरलंय. खरा ठसा बघायचा तर उसात चल माझ्याबरोबर.

मग एक दिवस निरोप आला की मंचरवरून एक बाई येणार. आमच्या वस्तीला बालवाडी द्यायची का आणि शालनला तिथं नेमायचं का, ते बघायला. पोरं येतात का आणि आया विश्वासानं पाठवतात का, एवढंच त्या बघणार होत्या. नाही जमलं तर बालवाडी कालव्यापलीकडच्या वस्तीला जाणार. कालवा ओलांडून बारकी पोरं कशी जाणार सांगा? म्हणजे आमची पोरं पुन्हा बांधावर आणि शालन पुन्हा चुलीपुढं. आदल्या दिवशी तिनं जेवणाचं ताट तसंच बाजूला सारलं.

मलाही तिची कणव आली. वाटलं, आपणही चार गोष्टी शिकवाव्यात पोरांना. गौरी-गणपती तोंडावर आले होते. म्हणून मी पोरांना गौरीची पावलं काढायला शिकवली. मूठ मिटायची. करंगळीकडची बाजू गेरूत बुडवून टेकवायची, झालं पाऊल. वर बोटांची टोकं टेकवायची, झाली पावलाची बोटं. आणि पावलं काढायची ती आत येणारी. बाहेर जाणारं एकबी काढायचं नाही, गौर घरात यायला पाहिजे.

हे सगळं मी सांगितलं होतं, माझ्या तोंडानं. तुम्ही ध्यानात ठेवा. मी ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच शालननं अंगण, पडवी आणि पुढची खोली जाड सारवली. सगळ्यांना दम भरला, ओलं आहे, मागच्या दारानं फिरा. दत्तू कांदा घेऊन मंचरला गेलेला. मी मागं गोठ्यात धार काढत होते. शालन वेणीफणी करून पिंकीला घेऊन मागच्याच दारानं घरोघर पोरं गोळा करायला गेली.

मी दुधाची चरवी घेऊन निघाले. म्हटलं, सारवण कसं झालंय बघावं, सुनेच्या कामात एखादी खोट निघतेच. म्हणून मुद्दाम पुढून आले.

आणि बघते तर काय, अंगणात ठसे.

एक गोल गादी आणि वर चार बोटं. नखाचा मागमूस नाही. कुत्र्याचं नख उमटतं, बिबट्या नखं आत घेऊन चालतो, एवढं तर आमच्याकडचं शेंबडं पोर सांगेल. उसाच्या बाजूनं निघाले होते, सरळ रेघेत अंगणातून पडवीत, पडवीतून उंबऱ्यावरून आत. मी वाकून वाकून बघितलं. बाहेर येणारं एकही पाऊल नव्हतं.

म्हणजे जनावर घरात.

मी चरवी खाली ठेवली. हात लांब करून दार ओढलं आणि कडी घातली. तशीच पळत मागं गेले, मागच्या दारालाही कडी. आता कोंडला म्हटलं. धाप लागली होती, तरी मनात हिशेब चालूच होता. म्हैस गोठ्यात, कोंबड्या डालग्याखाली, पिंकी आईबरोबर, दत्तू बाजारात. देवाची कृपा, सगळी बाहेर आहेत.

मग आठवलं. आमचे हे आत निजलेत.

तुम्ही हसताय. त्या वेळी मला हसू आलं नाही.

मी ओरडले तशी शेजारची शेवंता आली, रामभाऊ आला, मग सगळी वस्तीच आली, कुणी काठी घेऊन, कुणी कोयता घेऊन. ठसे बघून सगळे हळू आवाजात बोलायला लागले.

रामभाऊनं विचारलं, "आजी, आत नक्की काय हाय?"

"बिबट्या हाय."

"आन आमचं म्हातारबाबा?"

"ते बी हायेत."

तेवढ्यात आत भांडं पडलं. लोक दोन पावलं मागं सरले. ह्यांना हाका मारून बघितल्या, पण त्यांना बैठकीत समोर बसून हाक मारली तरी दोनदा मारावी लागते. रामभाऊ लुना काढून वनखात्याच्या माणसाला आणायला गेला. मी धीर करून खिडकीच्या फटीतून डोकावले. आत अंधार, आणि अंधारात काहीतरी पिवळं हललं. मी मागं वळून सांगितलं, दिसला. कुणीतरी विचारलं, ठिपके आहेत का? मी म्हटलं, आहेत. खरं सांगायचं तर ठिपके मला विचारल्यावर दिसले.

शेवंतानं डोळ्याला पदर लावला. "लई गुणाचं माणूस व्हतं," ती म्हणाली. तिनं 'व्हतं' म्हटलं आणि मी पुन्हा ह्यांना हाका मारायला लागले.

अशा वेळी शालन पोरांची रांग घेऊन आली. आल्या आल्या सगळ्या आया आपापल्या पोराकडं धावल्या. माणसं ओरडतायत, पोरं भेदरलेली, दोघं-चौघं रडायला लागलेली. शालननं काय करावं? अंगणाच्या कडेला दत्तूची ट्रॉली उभी होती. तिनं सगळी पोरं उचलून ट्रॉलीत बसवली, उंचावर. गोठ्याजवळची भिजवलेली चिकणमाती आणून एकेकाच्या हातात गोळा दिला. म्हणाली, बैल करा, ज्याच्या बैलाची शिंगं मोडणार नाहीत त्याचा बैल पोळ्यात पुढं. पोरं लागली की बैल वळायला. आया मात्र ट्रॉलीला खेटून उभ्या.

शेवंता तिला म्हणाली, "पोरी, वाईट वाटून घेऊ नको. पण असल्या घरात आमी पोरं ठेवायची व्हय?"

बाकीच्या बायांनी माना हलवल्या. शालननं फक्त माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, बिबट्याला भ्यालीय.

वनखात्याची जीप आली आणि तिच्या मागोमाग मंचरच्या बाई. एकाच वेळी. बाईंनी इकडं काठ्या-कोयते बघितले, तिकडं ट्रॉलीतली पोरं बघितली आणि ट्रॉलीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. मी मनात म्हटलं, गेली बालवाडी कालव्यापलीकडं.

वनखात्याचा माणूस जाळं खाली ठेवून ठशापाशी बसला.

"नख न्हाई, बोटं चार," तो म्हणाला. "आजी, तुमचं बरोबर हाय."

एवढ्या दुःखातही माझी मान जरा ताठ झाली. मी लोकांकडं बघितलं. बघा म्हटलं, सरकारी माणूस बोलतोय.

तो बसल्या बसल्या पुढं सरकत पडवीपर्यंत गेला. पुन्हा मागं आला. पुन्हा गेला. मग डोक्यावरची टोपी काढून मला विचारलं, "आजी, ह्ये जनावर एका पायावर चालतं का?"

"म्हंजी?"

"हरेक पावलाच्या उजव्या अंगाला तीच खाच हाय. चार पायांचं जनावर, आन पाऊल सगळीकडं एकाच पायाचं. उड्या मारत आलं म्हणावं काय?"

उत्तर ट्रॉलीतून आलं.

"काका, माझ्या गौरीवर पाय देऊ नका ना."

आमची पिंकी. ट्रॉलीच्या कडेला लोंबकळत, रडवेली झालेली. बाईंनी तिला खाली घेतलं आणि हळूच विचारलं, गौर कशानं काढलीस गं? पिंकीनं फ्रॉकच्या खिशातून अर्धा बटाटा काढला. सारवणानं माखलेला, आणि एका अंगाला त्याचा डोळा कोरून काढलेला, तीच ती खाच.

"मुठीचं पाऊल बारकं येतं," ती म्हणाली. "गौर मोठी असती. म्हनून बटाट्यानं केलं. वर बोटं टेकवली. अंगठा पुरला न्हाई. माझी पावलं हातानं पुसून टाकली."

मग सगळी वस्ती ऐकत असताना तिनं पुढचं सांगितलं. "आत येनारीच काढायची, बाहेर जानारं एकबी न्हाई. आजीनं शिकवलंय."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मी दुधाच्या चरवीत काही पडलंय का ते बघत राहिले.

रामभाऊनं कडी काढली. आत आमचे हे पाटावर बसून भाकरी खात होते, पुढ्यात कोरा चहा. दूध बाहेर माझ्याकडं होतं ना. डोक्याला ती भोकं पडलेली पिवळी कानटोपी. दारात एवढी माणसं, काठ्या, जाळं बघून दुसरा कुणी घाबरला असता. ह्यांनी घास गिळला आणि मला म्हणाले, "आली का गं बाई?"

मी खुणेनं विचारलं, तुम्हाला दार लावलेलं कळलं नव्हतं का?

"कळलं की. मला वाटलं, बाई येनार म्हनून मला कोंडलंस. म्हनलं, घरच्यांची अब्रू हाय, बसावं गप."

मग मात्र जो हशा पिकला, तो कालव्यापलीकडच्या वस्तीलाही ऐकू गेला असेल. एक शेवंता तेवढी चिडली. रडलेलं वाया गेलं म्हणून.

हसू ओसरलं तरी शालन ट्रॉलीजवळ तशीच उभी होती, माती लागलेले हात पदराला न पुसता. बाई मातीचे बैल एकेक हातात घेऊन बघत होत्या. त्यांनी तिला विचारलं, घरात बिबट्या आहे म्हणत होते, आणि तुम्ही मुलांना बैल करायला बसवलंत?

"मग काय करनार बाई," शालन म्हणाली. "मला बी भ्या वाटत व्हतंच. पन पोरांनी माझं तोंड बघितलं असतं तर ती जास्त भ्याली असती. म्हनलं, मातीकडं बघू द्या."

बाई हातातला बैल जपून ठेवून आयांकडं वळल्या आणि विचारलं, उद्यापासून कोण कोण पाठवणार?

सगळ्या शेवंताकडं बघायला लागल्या. शेवंतानं आपल्या नातवाला ट्रॉलीतून उतरवायला हात पुढं केला. तो काही येईना. त्याच्या बैलाचं एक शिंग व्हायचं होतं. तिनं हात मागं घेतला.

"राहू द्या ह्याला," ती म्हणाली. "शिंग झाल्यावर नेते. उद्या बी आनते."

तिच्या मागोमाग बाकीच्या बोलल्या. गौरी जेवून गेल्या आणि आमच्या पडवीत बालवाडी सुरू झाली. शालनला महिन्याचा पगार, पोरांना रंगीत कागद, खडू, बसायला पट्ट्या. कोण कौतुक सांगू! शालन पहिल्या दिवशी लग्नातलं लुगडं नेसली आणि आमच्या पडवीला लोक शाळा म्हणू लागले.

पडवी वापरायला दिल्याच्या कागदावर ह्यांनी सही केली. मला सही येत नाही, म्हणून बाईंनी शाई लावून माझा अंगठा घेतला. चांगला उमटला. मी निरखून बघत होते, तोवर आमचे हे बोलले. कमी ऐकणारा माणूस बोलतो मोठ्यानं, सगळ्या आया आणि पोरं समोर बसलेली.

"बाई, त्यो ठसा एकदा वनखात्याला दाखवून घ्या. न्हाईतर बालवाडीला पिंजरा लागायचा."