राखणदाराची न्याहारी

जपानला येऊन मला जेमतेम महिना झाला होता आणि कचऱ्याचं वर्गीकरण नको तितकं अंगात भिनलं होतं. कावासाकीत आमच्या गल्लीत सुमाली-सानची थाई खाणावळ होती. मागच्या दाराशी खांबावर कबुतराच्या खुराड्याएवढं लाल-सोनेरी घर, आणि त्याच्यासमोर लाल सोड्याची उघडी बाटली, आत स्ट्रॉ. कोणीतरी अर्धवट टाकून गेलं असं समजून मी ती रिकामी केली, धुतली, लेबल सोललं आणि बाटल्यांच्या डब्यात टाकली. तेवढ्यात सुमाली-सान हातात झारा घेऊन बाहेर आल्या.

रागावल्या नाहीत. मोडक्यातोडक्या जपानीत म्हणाल्या, की हे घर जागेच्या न दिसणाऱ्या मालकाचं, सोडा ही त्याची न्याहारी. आपण सगळे त्याचे भाडेकरू. मग मला नवी बाटली आणायला लावली आणि हात जोडून माफी मागायला लावली.

माझं माहेर कुडाळकडचं. आमच्या बागेच्या बांधावर राखणदाराचा दगड होता. त्याला नारळ दिल्याशिवाय बाबा जमिनीत कुदळ मारत नसत. लग्न होऊन पुण्याला गेले आणि मी त्याला साफ विसरले. त्या गल्लीत मला एकदम रडू आलं.

पुढची नऊ वर्षं मी सकाळी बाटली ठेवायला तिथे जात राहिले. आत पैशाच्या गल्ल्यामागे आपला गणपती होता, त्याला त्या फ्रा फिकानेत म्हणायच्या आणि केळी ठेवायच्या. पण पहिला मान मागच्या दाराचा. तुमच्या देवाला एक दिवस शुगर होणार, असं माझा नवरा उल्हास म्हणायचा. सुमाली-सान सगळ्यांना एक स्प्रिंग रोल जास्त वाढायच्या, त्याला तेवढा नाही, एवढीच शिक्षा.

मग इमारत पाडायचं ठरलं, तिथे पार्किंग होणार होतं. सुमाली-सान लेकीकडे नागोयाला, दहाव्या मजल्यावर निघाल्या. गणपती पिशवीतून जाणार होता. खांबावरचं घर विधी करून थाई देवळात पोचवलं. पण मालक जागा सोडत नाही, आणि आता त्याला विचारणार कोण, ह्या काळजीने त्यांना अन्न गोड लागेना. तुमच्यात काय करतात, असं त्यांनी विचारलं. खांब उपटलेल्या खड्ड्यापाशी उभी राहून मी आमच्याकडचं गाऱ्हाणं घातलं.

"बा राखणदारा, तुझां ह्यां लेकरू परगावाक जाता हा, तेच्या पाठीशी रव."

"व्हय महाराजा," मी शिकवलं तसं सुमाली-सान म्हणाल्या. त्याची रोजची न्याहारी चुकणार नाही, असा शब्द मी त्यांना दिला.

आता तिथे सहा गाड्या आणि एक व्हेंडिंग मशीन आहे. मशीनमागे मी बाटली ठेवते. रविवारी त्यांचा फोन येतो, पहिला प्रश्न ठरलेला: जेवला का तो?

गेल्या रविवारी खोटं बोलवेना. कोणीतरी बाटली धुऊन, लेबल सोलून डब्यात टाकली होती. सुमाली-सान खूप हसल्या. मग आवाज बारीक झाला.

"नवा भाडेकरू आलाय. त्याला सांगून ठेव. तू तरी किती दिवस असणार?"

खरंच होतं. उल्हासचं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपतंय. आता मी बाटली ठेवून लगेच निघत नाही. धुणारं कोण आहे ते कळेपर्यंत रोज थांबते.