एकोणसाठ-चौदा

माझा बाप, वालेन्ती पिरेक, हट्टी होता असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. हट्टी तर गाढवही असतं. पण गाढव भूक लागली की हलतं तरी. बाबा हलायचा नाही.

पोलंडातल्या कुठल्याशा खेड्यातून मिसरूड फुटायच्या आत तो इकडे डेट्रॉइटला आला, तिथल्या हॅमट्रॅम्क वस्तीत मामाच्या घरी उतरला आणि दुसऱ्याच दिवशी फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, शिरला. तिथून बाहेर पडला तो फुप्फुसांत वाळू भरून घेऊनच. इंग्रजी त्याला शिव्यांपुरतं आणि युनियनपुरतं यायचं, आणि फुटबॉलपुरतं. आमचा फुटबॉल म्हणजे चेंडू काखेत मारून पळायचं आणि पळणाऱ्याला अंगावर पडून आडवा करायचं. "ही फौंड्रीच आहे," तो म्हणायचा, "फक्त इथे पडायला गवत दिलंय." रविवारी चर्चमध्ये त्याचे ओठ हलायचे ते प्रार्थनेसाठी हलतात असं आईला वाटायचं. मला माहीत होतं, तो दुपारच्या सामन्याचे डाव घोकायचा.

त्याला एक मुलगी, ती मी, ब्रोन्का. आणि एक मुलगा, लुद्विक. त्या मुलाचं नाव आमच्या घरात अठरा वर्षं कुणी घेतलं नाही. घेतलं तर मीच, आणि तेही मुद्दाम.

एकोणचाळीस साली फौंड्रीत संप झाला तेव्हा फाटकावर बाबाचा शब्द चालायचा. लुद्विकचं नुकतंच लग्न झालेलं, एव्हलिनला दिवस गेलेले, घरात चूल थंड. एका सकाळी तो मागच्या दाराने कामावर गेला. बस्स. आमच्या आळीत चोरी माफ, दारू माफ, बायकोला बडवणं तर नेहमीचंच; पण संप फोडणं माफ नाही. संध्याकाळी तो बाहेर पडला आणि माणसांनी त्याला घेरलं. मग सगळ्यांनी बाबाकडे पाहिलं. मुलगा त्याचा होता ना! त्याने नुसतं 'बस करा' म्हटलं असतं तरी हात खाली आले असते. बाबा कोटाच्या खिशात हात घालून उभा राहिला. लुद्विक पहिल्याच फटक्याला पडला होता, तरी ते मारत राहिले. मी बाबाचा डबा घेऊन तिथे आले होते. मी किंचाळले, पण पोरीच्या किंचाळण्याला कोण विचारतो? लुद्विकचा गुडघा मोडला आणि डावा कान कायमचा गेला. हाड जुळल्यावर तो एव्हलिनला घेऊन लॅन्सिंगला निघून गेला आणि तिथे एका हार्डवेअरच्या दुकानात लागला.

नाताळच्या आदल्या रात्री आमच्याकडे जेवणाआधी एक पातळ पांढरी भाकर मोडतात. पवित्र भाकर, पापडासारखी कडक. मी माझी तुमच्यापुढे धरायची, तुम्ही तिचा तुकडा मोडून खायचा, मग तुमचा मी. ज्याच्या हातचा तुकडा खाल्ला त्याच्याशी वैर धरायचं नाही, असा रिवाज. आई दरवर्षी एक तुकडा पाकिटात घालून लॅन्सिंगला पाठवायची. बाबा तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत बसायचा, जणू बाहेर मोर नाचतोय. आई गेल्यावर पाकीट मी पाठवायला लागले. तो खिडकीबाहेर बघतच राहिला.

सत्तावन्न सालच्या नोव्हेंबरात फादरने त्याला मरणाऱ्याला लावतात ते शेवटचं तेल लावलं. डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं, उन्हाळा काही बघत नाहीत. आणि डिसेंबरात आमची टीम अंतिम सामन्यात पोचली! समोर क्लीव्हलंड. तीन वर्षांपूर्वी याच लोकांनी अंतिम सामन्यात आम्हाला छप्पन्न-दहा असं तुडवलं होतं. तो आकडा बाबाला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का पाठ होता. म्हातारा मरण पुढे ढकलून बसला.

पण बघायचा कुठे? सामना आमच्याच गावात, घरापासून बसच्या अंतरावर, आणि म्हणून आमच्याच टीव्हीवर बंद. गावातल्या लोकांनी तिकीट काढून यावं यासाठी सामना गावाच्या आसपास दाखवायचाच नाही, हा त्या शहाण्यांचा नियम. थंडीत मैदानावर बसायला बाबाकडे छाती नव्हती. त्यामुळे दरवेळी आमचे पुरुष करायचे तेच करायचं: गाडी काढायची आणि गावातला सामना बघायला गावापासून नव्वद मैल पळायचं.

"मोटेलं सगळी भरली," माझा नवरा चेस म्हणाला. "गोठ्यात टीव्ही असेल तर सांगा, तिथे जाऊ."

बाबा खोकला. बराच वेळ खोकला. मग भिंतीला म्हणाला, "लॅन्सिंगला दिसतो म्हणे."

"लॅन्सिंगला कुठे? रस्त्यावर?" मी विचारलं.

"लोकांच्या घरी असतो."

"कुठल्या लोकांच्या?"

"ब्रोन्के, जीभ फार चालायला लागलीय तुझी."

"तुझीच आहे ती. नाव घे की. लुद्विक म्हण. जीभ झडणार नाही."

"मला सामना बघायचाय," तो म्हणाला. "बाकी काही नाही."

ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं! पण मला जगात एकच गोष्ट हवी होती. या माणसाने मरायच्या आधी लुद्विकशी एक धड शब्द बोलावा. सामना गेला खड्ड्यात.

मी फोन केला. लुद्विकने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "येऊ देत. टीव्ही आहे, बघतील. मी काही बोलणार नाही हां, ब्रोन्के."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. बापाचाही नाही, पोराचाही नाही.

रविवारी आम्ही निघालो. बाबाला दोन ब्लँकेटांत गुंडाळून पुढे बसवला. लॅन्सिंगला दार लुद्विकनेच उघडलं. अजून चाळिशीही नव्हती, पण केस पांढरे झाले होते. तो लंगडत दोन पावलं मागे सरकला. बाबाने त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि लगेच छताकडे.

"टीव्ही कुठाय?" बाबाने छताला विचारलं.

"सांग त्यांना, ब्रोन्के, डावीकडे," लुद्विक म्हणाला.

डावीकडची खोली म्हणजे तीन पावलं! मला दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली.

एव्हलिन आमच्यातली नाही, पण बाई सोन्यासारखी. पोराला तिने मुद्दाम शेजारी धाडलं होतं. तिने दोन खुर्च्या टीव्हीसमोर शेजारी शेजारी मांडल्या होत्या आणि मध्ये छोट्या टेबलावर एक बशी. बशीत मी पाठवलेला भाकरीचा तुकडा. नाताळला खाल्ला नव्हता, राखून ठेवला होता. बाबाने बशी पाहिली आणि टोपी काढून तिच्याशेजारी ठेवली. बशीला हात लावला नाही.

सामना अटीतटीचा झाला की पुरुष भांडण विसरतात. शेवटच्या मिनिटाला शेजारी कोण बसलाय हे न बघता त्याच्या मांडीवर थाप मारतात. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, सात वर्षं अबोला धरलेले दोघे भाऊ गळ्यात पडून रडले होते. म्हणून मी डेट्रॉइटची असून मनातल्या मनात मेरीमातेला विनवत होते, माते, बरोबरीत ठेव. शेवटपर्यंत बरोबरीत ठेव.

मातेने ऐकलं नाही. बसतो न बसतो तोच सतरा-शून्य.

"घ्या!" बाबा ओरडला. "छप्पन्न घेऊन जाता काय? घ्या आता!"

मग आमच्यातल्या एकाने चेंडूला लाथ मारायचं सोंग केलं आणि उचलून पळणाऱ्याकडे फेकला. क्लीव्हलंडवाले बावळटासारखे आभाळाकडे बघत राहिले. बाबा हसला, आणि त्याच क्षणी लुद्विकही हसला. तंतोतंत एकच हसू, नाकातून येणारं. दोघांनी ते ऐकलं आणि दोघांनी माना दुसरीकडे फिरवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जवळ आलं होतं हो, अगदी जवळ आलं होतं.

पण अर्ध्यावरच सामना संपला. एकतीस-सात. पुढे बघण्यासारखं काही उरलं नाही, नुसता मार उरला. आमचे धावायचे, ते पडायचे. पुन्हा आमचे धावायचे. प्रेक्षक तर चेकाळले होते, आणि माझा चेस त्यांच्यातलाच. "साठ करा! साठ!" तो खुर्चीच्या हातावर मुठी आपटत होता. बाबाचा आवाज मात्र बंद झाला होता. मला वाटलं दम लागला.

लुद्विक उठला. "कॉफी बघतो," तो एव्हलिनला म्हणाला आणि लंगडत स्वयंपाकघरात गेला. झुलतं दार त्याच्यामागे लागलं.

तेवढ्यात पडद्यावर क्लीव्हलंडचा एक जण पडला. चेंडू कधीच पुढे गेला होता, तरी आमचे दोघे येऊन त्याच्यावर आदळले. तो एका गुडघ्यावर उठला आणि पुन्हा बसला. लोक हसले. हजारो माणसं हसली.

"बस करा!" बाबा म्हणाला. "पडलाय तो!"

तो आवाज टीव्हीशी बोलायचा नव्हता. फाटकावरचा होता. संपाच्या दिवसांत रस्त्याच्या त्या टोकापर्यंत जायचा तो आवाज, जो त्या एका संध्याकाळी निघाला नव्हता. चेसने उठून टीव्हीचा आवाज बंद केला. त्यालाही कळलं.

बाबाने बशीतली भाकर उचलली आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे धरली. आमच्यात धरतात तशी, दोन बोटांत. स्वयंपाकघरातून काही आवाज आला नाही, कपाचासुद्धा नाही. तरी बाबाने हात खाली घेतला नाही.

"मी बोलावते त्याला," मी उठले.

"बस." त्याने भाकर बशीत ठेवली. "त्याला ऐकू नाही आलं. कान गेलाय ना त्याचा."

अठरा वर्षांत त्या कानाबद्दल त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य.

"मग पुन्हा म्हण," मी म्हणाले. मी अक्षरशः त्याच्या पाया पडत होते. "बाबा, तो आल्यावर पुन्हा म्हण. एकदाच."

"आलं तेवढं आलं," तो म्हणाला. "पुन्हा नाही यायचं."

लुद्विक कॉफी घेऊन आला. तोंड धुतलेलं होतं. एकोणसाठ-चौदाला सामना संपला. बाबाने टोपी घातली आणि एव्हलिनला म्हणाला, "कॉफी चांगली होती, सूनबाई." लुद्विकने दार धरून ठेवलं. बाबा त्याच्यासमोरून गेला तेव्हा जरासा थबकला, मला वाटलं आता, पण तो पायरी शोधत होता.

तो गाडीतच गेला. कधी ते कळलं नाही. खोकला थांबला तेव्हा मला बरंच वाटलं होतं, की चला, डोळा लागला. मागून हात लावला तर गाल गार. चेस गाडी थांबवून रडला. मग आम्ही पुन्हा निघालो, करणार काय?

गावात शिरलो तर रस्त्यांवर माणूस मावत नव्हता. हॉर्न वाजत होते, पोरं गाड्यांच्या टपांवर चढून ओरडत होती. गर्दीने आमची गाडी अडवली. एका दारुड्याने पुढच्या काचेवर थाप मारली, "आजोबा! एकोणसाठ! एकोणसाठ!" बाबा ब्लँकेटात, टोपी डोळ्यांवर. "झोपलेत," चेस म्हणाला. "मग उठवा की त्यांना!" तो माणूस म्हणाला. "असा दिवस पुन्हा येणारे का!"

लुद्विक मातीला आला. फौंड्रीतले म्हातारे अजून होते. तो बसला त्या बाकावरून ते एकेक करून उठले. शवपेटीला खांदा द्यायला तो पुढे झाला तर त्यांनी जागा दिली नाही. मीही तिथे तोंड उघडलं नाही, बापाच्या अंत्यविधीत तमाशा नको म्हणून. मग चर्चच्या तळघरात जेवण झालं, सॉसेज, आंबवलेला कोबी, सगळं रीतसर. तो जेवला नाही. कोट अडकवायच्या खोलीत मी त्याला गाठलं.

"तुला एक सांगायचंय," मी म्हणाले. "तू आत होतास तेव्हा बाबा म्हणाला..."

"बस करा, पडलाय तो," लुद्विक म्हणाला.

माझं बोट माझ्याच डाव्या कानाकडे गेलं.

"डावा गेलाय, ब्रोन्के. उजवा शाबूत आहे."

"मग आला का नाहीस? मेल्या, तो भाकर धरून बसला होता! हात खाली घेत नव्हता!"

"दाराशीच होतो. हात दारावर होता." तो कोटाचं एकच बटण लावत होता, सोडत होता. "म्हटलं, एवढ्या वर्षांनी म्हणतोय. अजून एकदा म्हणू दे. मग जातो."

त्याच्या थोबाडीत मारायला माझा हात उठला होता. तो तसाच राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं, लहानपणी मार चुकेल का म्हणून बघायचा तसं.

"गाडीत म्हणाला का काही?" त्याने विचारलं. "माझ्याबद्दल?"

"नाही," मी म्हणाले. "नुसता खोकत होता."