पहारेकऱ्याला विचारलेला प्रश्न

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपवून मी सिंदीला घरी आलो, ते होस्टेलवर शिकलेल्या एका खेळाच्या नियमांची झेरॉक्स आणि वीस बाजूंचा फासा घेऊनच. खेळ सोपा होता. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं. समोर काय आहे ते मी सांगायचं, तिथं काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि जमलं की फसलं ते फासा सांगणार. दुपारी कूलरसमोर धाकट्या बहिणीला बसवलं आणि आग्रह करकरून वहिनींनाही. वहिनी अल्लीपूरच्या. लग्नाला सहा महिने झाले होते, पण घरात अजून धड बोलत नव्हत्या. खेळात तरी बोलतील, अशी माझी आशा होती.

कसचं काय! त्यांची पाळी आली की एकच उत्तर, "तुमी म्हणान तसं, भाऊजी." मी आधीच उतावळा. दोन क्षण थांबायचो, चिडायचो आणि त्यांच्या वतीनं तलवार उपसून मोकळा व्हायचो.

तिसऱ्या दिवशी बहिणीनं मला झापलं. "तूच इचारतं अन् तूच सांगतं. मंग आमी कायले बसलो? थांबत काऊन नाई तू?"

राग आला, कारण तिचं खरं होतं.

चौथ्या दिवशी खेळात मी दोघींना एका गावाच्या वेशीवर आणलं. दार बंद, समोर भालेवाला पहारेकरी. लढणं, भिंत चढणं, लाच देणं, तिन्ही वाटा माझ्या वहीत तयार होत्या. "वहिनी, काय करता?" एवढं विचारून मी ओठ घट्ट मिटले. कूलर घरघरत होता.

वहिनींनी पदर सावरला. "मी त्याले इचारतो," त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, सकाळपासून उभा हायेस, जेवला का?"

वहीत याचं उत्तर नव्हतं. फासा टाकायचंही मला सुचलं नाही. पहारेकऱ्यानं भाला खाली ठेवला आणि दार उघडलं. बहिणीनं टाळ्या पिटल्या.

"हे कसं सुचलं तुम्हाला?" मी विचारलं.

"या घरात आल्यापासून मले कोणी इचारलं नाई ना," त्या म्हणाल्या.

त्या दिवशीही दुपारी त्यांनीच मला आग्रहानं वाढलं होतं, आणि मी हात धुऊन सरळ फासा काढला होता.