पदरावरचा माइक आणि बरबड्याची भाकरी

तुळजाबाई सापाला कधी भ्याली नाही, टँकरच्या ड्रायव्हरला नाही आणि सासूला तर नाहीच. सासूच तिला भ्यायची. पण त्या दुपारी मोहनरावांच्या शेडात पांढरा पडदा लागला, दाराला ताडपत्री पडली, आणि ती पहिल्यांदा भ्याली.

पडद्यावर तिचीच फिल्म दाखवणार होते.

वडवणीजवळच्या त्या गावात बायकांनी सहकारी संस्था काढली होती. ज्वारी-बाजरी दळायची, भाकऱ्या, चटण्या करून बीडला पाठवायच्या. एवढ्या दुष्काळातही गिरणी घरघरत होती. तुळजाबाई संस्थेची अध्यक्ष. गिरणी मात्र गावातल्या मोठ्या घरच्या मोहनरावांच्या शेडात, नुसत्या तोंडी शब्दावर. शब्द फिरला की गिरणी रस्त्यावर आणि बाया पुन्हा ऊसतोडीला.

महिन्यापूर्वी ‘गावचं जुनं अन्न’ टिपायला पुण्याची मंडळी आली. तुळजाबाईनं त्यांना बहात्तरच्या दुष्काळातली बरबड्याची भाकरी थापून दाखवली. बरबडा म्हणजे माळावरचं तण. त्याचं बी दळून तेव्हा लोक जगले. शूटिंग झालं, मंडळी अंगणात जेवायला बसली. कॅमेरा बंद झाला म्हणजे फिल्म संपली, अशा समजुतीनं ती चुलीपाशी शेजारणीशी, हजराबीशी, मनमोकळं बोलली. नंतर एका पोरीनं तिच्या पदराला लावलेलं माइकचं काळं बटण काढून घेतलं आणि म्हणाली, “काकू, आवाज काय सुरेख आलाय!”

तेव्हापासून तिला घास गोड लागेना.

“कावून घाबरतीस?” हजराबी कुजबुजली. “कापलं आसंल त्यांनी.”

“आन् न्हाई कापलं तर?”

“तर मी तुला वळखत न्हाई, बाई.”

पुढच्या खुर्चीत मोहनराव आणि शेजारी त्यांच्या आई वच्छलाबाई. म्हातारीला ऐकू कमी यायचं, त्यामुळं रुबाब दुप्पट. मोहनरावांनी आधी भाषण केलं, “आमच्या घरानं अस्सल मालदांडी ज्वारीशिवाय दुसरं धान्य ताटात घेतलं न्हाई!” टाळ्या पडल्या. तुळजाबाईनं तांब्या तोंडाला लावला, पाणी नाकात गेलं.

फिल्म सुरू झाली. भाकरी थापली, भाजली, फुगली. आता संपणार म्हणून तिनं श्वास सोडला, तोच तिचाच आवाज शेडात घुमला, “आगं, ह्या मोहनरावाची आई, वच्छलाबाई, त्या दुष्काळात दिवेलागणीला माझ्या मागल्या दारानं आलती. पदराखाली बरबड्याची भाकर नेली. मोठ्या घरचं पेव रिकामं झालतं!”

मोहनरावांची मान ताठ ती ताठच. हजराबीनं खरोखरच दुसरीकडं तोंड केलं.

दिवे लागले. पुण्याची पोरगी हौसेनं म्हणाली, “आता चर्चा करूया.” चर्चेला कोण तोंड उघडतंय!

उघडलं ते वच्छलाबाईंनी. “माझं नाव घेतलं ना गं? काय म्हनली तुळजा?”

मोहनराव चपला बघत बसले.

“मोहन, काय म्हनली?”

“काय न्हाई, आई.”

“काय न्हाई तर समदे मेल्यावानी कावून बसलेत?”

अखेर तुळजाबाईच उठली. गिरणीकडं तिनं एकदा शेवटचं बघून घेतलं, म्हातारीच्या कानाशी वाकली, आणि हळू बोलून भागेना म्हणून सगळ्या गावादेखत ओरडली, “तुमी माझ्याकडून बरबड्याची भाकर नेलती, म्हनलं!”

वच्छलाबाई तिच्याकडं बघतच राहिल्या. तुळजाबाईनं डोळे मिटले.

“येक न्हाई बाई, दोन नेलत्या,” म्हातारी खणखणीत म्हणाली. “येक ह्या मोहनला. येक ह्याच्या बापाला, मालदांडीची म्हनून वाढली. मरेस्तोवर म्हनायचा, त्या साली ज्वारी लई गोड होती!”

शेडात आधी कोण हसलं कळलं नाही. मोहनराव सगळ्यांत शेवटी, पण हसले.

तुळजाबाई मात्र मटकन खाली बसली. हजराबीनं लगेच ओळख दाखवली, तांब्या पुढं केला. तुळजाबाईनं आधी आपला पदर नीट चाचपून बघितला, आणि मगच म्हणाली, “मेले असते बाई आज.”